हॅन्डलवरचा फोन: पुण्याहून गणपतीपुळ्यापर्यंत दुचाकीवर नकाशा कसा वापरावा

माणगावला टपरीवर चहा सांगितला आणि पाऊस थांबलाय तोवर एक फोटो काढू म्हणून होल्डरमधून फोन काढला. कॅमेरा उघडला तर पडद्यावरची टपरी थंडी वाजल्यासारखी कापत होती. हात स्थिर, फोन स्थिर, चित्र मात्र हलतंय आणि फोनच्या आतून बारीक टिकटिक येतेय. दोन पावसाळे तो फोन मी ३५० सीसीच्या सिंगल सिलिंडर गाडीच्या हॅन्डलवर थेट आवळून फिरवला होता. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा बदलून दिला आणि पैसे घेताना एवढंच विचारलं, "गाडीवर लावता ना?"

तेव्हापासून होल्डर, चार्जर, नकाशा, सगळंच पुन्हा पहिल्यापासून शिकलो. ते इथे एका मार्गाच्या निमित्ताने सांगतो: पुणे, ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दापोली, गुहागर आणि गणपतीपुळे. या एका रस्त्यात शहरातले उड्डाणपूल आहेत, बिनरेंजचा घाट आहे, ऊन-पाऊस आहे आणि तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत. इथे जमलं तर बाकी कुठेही जमेल.

आधी फोन ठरवा, होल्डर नंतर

हल्लीच्या बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात भिंग घट्ट बसवलेलं नसतं. हात हलला तरी फोटो स्पष्ट यावा म्हणून ते बारीक स्प्रिंगांवर तरंगत असतं आणि चुंबकाच्या जोरावर इकडेतिकडे सरकतं. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे मारत असेल तर सेकंदाला साधारण ६७ हादरे हॅन्डलमधून वर येतात. तासन्‌तास हे चाललं की ती नाजूक यंत्रणा ढिली पडते. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींवर आयफोन थेट बसवू नका. स्कूटर-मोपेडचे हादरे त्या मानाने कमी, तरी तिथेही हादरे शोषणारा होल्डर वापरा असं त्यांचं म्हणणं. ही अडचण एकाच कंपनीच्या फोनची नाही. ज्या कॅमेऱ्यात असं तरंगतं भिंग आहे, त्या प्रत्येकाला हा धोका आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: घरात ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन हॅन्डलवर लावा आणि रोजचा फोन जॅकेटच्या खिशात ठेवा. जुन्या फोनला सिम लागत नाही. उपग्रहांवरून जागा कळायला इंटरनेट लागत नाही आणि वाहतुकीची माहिती हवी असेल तर खिशातल्या फोनचं हॉटस्पॉट पुरतं. फक्त तीन गोष्टी बघून घ्या. पडद्याचा उजेड उन्हात वाचण्याइतका हवा, बॅटरी फुगलेली नको आणि बँकेची, यूपीआयची ॲप त्यावरून काढून टाकलेली हवीत. होल्डरमधून फोन कोण कधी उचलून नेईल सांगता येत नाही. बिनसिमच्या फोनला पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागतात, तेव्हा निघण्याआधी त्याला पाच मिनिटं उघड्या आकाशाखाली ठेवा. पार्किंगच्या छपराखाली उभं राहून "जीपीएस बिघडलंय" म्हणू नका.

याचा आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही. गाडी घसरली तर हॅन्डलवरचा फोन कुठल्या झुडपात जाईल त्याचा नेम नाही. आणीबाणीचा ११२ नंबर लावायला फोन अंगावर असलेला बरा.

होल्डर बसवणे

बहुतेक मोटरसायकलींचं हॅन्डल २२ मिलिमीटर जाडीचं असतं. काही गाड्यांचं मधल्या भागात २८ मिलिमीटरच्या आसपास. घेताना क्लॅम्प दोन्हीला बसतो का ते विचारा. ॲक्टिवासारख्या स्कूटरचं हॅन्डल प्लॅस्टिकने झाकलेलं असतं, तिथे आरशाच्या दांडीवर बसणारा होल्डर घ्यावा लागतो. आरसा सोडवताना एक लक्षात ठेवा: यामाहाच्या गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर सोडवण्याऐवजी आवळत बसाल.

बाजारात रॅमच्या एक्स-ग्रिपपासून क्वाड लॉकपर्यंत महागडे प्रकार आहेत आणि बोबोसारखे आपल्याकडचे, खिशाला परवडणारेही. पैसे कमी असतील तर नाव बघू नका. धातूचा क्लॅम्प, चारही कोपऱ्यांना पकड आणि हादरे शोषणारा रबरी तुकडा, एवढं बघा. रोजचाच फोन लावायचा असेल तर तो रबरी तुकडा घेतल्याशिवाय गाडीला हात लावू नका. चुंबकावर चिकटणारे होल्डर कारमध्ये ठीक आहेत. दुचाकीवर पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते हात वर करतात, शिवाय फोनमधलं होकायंत्रही बिचकवतात.

बसवायची पद्धत अशी. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा मागून घ्या, बहुधा तो पैसे घेत नाही. तो हॅन्डलभोवती एक फेरा गुंडाळून त्यावर क्लॅम्प आवळा. मग हॅन्डल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा: फोन टाकीला घासतो का, किल्ली फिरवता येते का, क्लचची तार अडते का. इंडिकेटरचा दिवा आणि इंधनाचा काटा फोनमागे झाकला जात असेल तर जागा बदला. फोन जितका वर, रस्त्याच्या रेषेजवळ, तितकी मान कमी वाकते. टाकीवरच्या बॅगेतला फोन दिसायला छान दिसतो, पण तो बघायला हनुवटी छातीला लावावी लागते, म्हणून मला तो पटत नाही.

होल्डरचे पंजे फोनच्या बाजूच्या बटणांवर येत नाहीत ना, हे अगदी नीट बघा. हादऱ्यांनी बटण दाबलं जाऊन फोन बंद होतो, आवाज शून्यावर जातो, आणि पॉवरचं बटण सलग पाच वेळा दाबलं गेलं तर बऱ्याच फोनमध्ये आणीबाणीचा कॉल सुरू होतो. शेवटी एक जाड रबरबँड किंवा सिलिकॉनची जाळी कोपऱ्यांवरून ओढून घ्या. मग घराजवळच्या सगळ्यात वाईट रस्त्यावर, गतिरोधक न चुकवता, दोन किलोमीटर फिरून या आणि सगळे स्क्रू परत आवळा. पहिल्या फेरीत ते ढिले होतातच.

चार्जिंग

नकाशा, पूर्ण उजेड आणि जीपीएस एकत्र चालू असताना जुना फोन दोन-अडीच तासांत मान टाकतो. पॉवर बँक खिशात ठेवून वायर वर आणणं हा सगळ्यात सोपा उपाय आणि वर्षातून दोनदा जाणाऱ्याला तो पुरे. फक्त उतरताना वायर लक्षात ठेवा. मी एकदा तसाच उतरलो होतो.

गाडीवर कायमचा यूएसबी चार्जर बसवायचा असेल तर हिशेब समजून घ्या. १८ वॉटचा चार्जर १२ व्होल्टच्या बॅटरीतून, मधली गळती धरून, पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणून त्याच्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज हवा आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. चार्जर थेट बॅटरीला जोडला तर गाडी बंद असतानाही तो थोडं थोडं पीत राहतो. १०० सीसीच्या गाड्यांची आणि स्कूटरची बॅटरी अनेकदा ३-४ अँपिअर-तासांचीच असते. फोन लावून जेवायला बसलात आणि मग गप्पा रंगल्या तर किक मारायची वेळ येईल, आणि किक नसलेल्या गाडीला धक्का. त्यामुळे जोडणी किल्लीनंतरच्या वायरीवर घ्या, म्हणजे किल्ली बंद की चार्जर बंद. बरेच इलेक्ट्रिशियन हॉर्नच्या वायरीवरून घेतात. मल्टिमीटर लावून, किल्ली फिरवून खात्री केली तर ते चालतं. हेडलाइटच्या वायरीवर मात्र नको, जुन्या गाड्यांत तिथे चार्जरला न चालणारा एसी प्रवाह असतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

फोनकडची वायर छोटी आणि काटकोनी टोकाची घ्या. सरळ टोक हादऱ्यांनी फोनचा पोर्ट ढिला करतं. हॅन्डल वळताना ताणली जाणार नाही एवढी ढील सोडा आणि वायर क्लचच्या तारेला दोन ठिकाणी बांधा.

आदल्या रात्रीचं काम

खरा प्रवास इथे ठरतो. घरी वायफायवर बसून जो तास घालवाल, तो दुसऱ्या दिवशी घाटात परत मिळतो.

गूगल मॅप्समध्ये वाहन म्हणून दुचाकीच निवडा. ही सोय डिसेंबर २०१७ मध्ये जगात पहिल्यांदा भारतातच आली. ती न निवडता कारचा मार्ग लावला तर नकाशा तुम्हाला बिनदिक्कत मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी नेऊन सोडेल, जिथे दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक, मुंबईचा कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, जेजे उड्डाणपूल, या सगळ्यांवर हीच गोष्ट. दुचाकी निवडल्यावरही मुंबईत या नावांवर स्वतःची नजर ठेवा.

मग वाटेतलं एकेक ठिकाण घाला. फक्त "पुणे ते गणपतीपुळे" विचाराल तर नकाशा आपल्या मते सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता देईल. त्याला हरिहरेश्वरचा समुद्र बघायचा नसतो, तुम्हाला बघायचाय. म्हणून थांबे क्रमाने टाका: मुळशी, माणगाव, म्हसळा, बागमांडला जेटी, केळशी, दापोली, दाभोळ जेटी, गुहागर, तवसाळ जेटी, गणपतीपुळे. एका मार्गात नऊ-दहा थांबे बसतात, पण मी दिवसाचा मार्ग दोन तुकड्यांत करतो. सकाळचा दापोलीपर्यंत, दुपारचा पुढचा. एक तुकडा बिघडला तर दुसरा शाबूत राहतो.

फेरीबोटींसाठी सेटिंगमध्ये "फेरी टाळा" हा पर्याय बंद आहे ना ते बघा. तो चालू राहिला तर बागमांडल्याहून समोर दिसणाऱ्या वेसवीला जायला नकाशा तुम्हाला खाडीला भलामोठा वळसा घालायला लावतो. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या तिन्ही ठिकाणी बोटीत दुचाकी घेतात. पण नकाशा बोटीचा वेळ नुसता अंदाजाने धरतो. तुम्ही पोचलात आणि बोट नुकतीच सुटली, असं होणारच. प्रत्येक खाडीमागे अर्धा तास जास्तीचा धरा, आणि शेवटची बोट किती वाजता हे आदल्या दिवशी फोन करून किंवा मुक्कामाच्या घरमालकाला विचारून कळून घ्या. सूर्य मावळताना तवसाळच्या धक्क्यावर उभं राहून पलीकडचे दिवे बघणं काव्यमय असतं, पण फक्त बोट येणार असेल तर.

गावाचं नाव टाईप करून पहिलाच पर्याय दाबू नका. नांदगाव नाशिक जिल्ह्यात आहे, मुरूडजवळ आहे आणि कणकवलीजवळही आहे. वडगावं आणि पिंपळगावं तर मोजूच नका. मुक्कामाच्या ठिकाणाचा पिन घरमालकाकडून व्हॉट्सॲपवर मागवा आणि तालुका वाचून खात्री करा.

पुढे ऑफलाइन नकाशे. ताम्हिणीत लांब पट्ट्यात रेंज नसते. पुणे, रायगड आणि रत्नागिरीचा भाग गूगलमध्ये डाउनलोड करून ठेवा आणि मार्ग रेंजमध्ये असतानाच सुरू करा. वाटेत रेंज गेली तरी सुरू केलेला मार्ग चालू राहतो. चुकून वळलात तर मात्र डाउनलोड केलेला नकाशाच कामी येतो. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड ठेवा. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर चालतात, महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की इंटरनेटशिवाय मार्गही काढून देतात. ट्रॅफिक दाखवत नाहीत, पण ताम्हिणीत ट्रॅफिक विचारतं कोण? आपल्याकडच्या मॅपमायइंडियाचं मॅपल्स गतिरोधकांच्या आणि अवघड वळणांच्या सूचना देतं. नव्या रस्त्यावर त्या उपयोगी पडतात.

रस्ता चालू आहे का, हे नकाशावर विसंबून ठरवू नका. भोर-महाड मार्गावरचा वरंध घाट पावसाळ्यात प्रशासन वारंवार बंद करतं. धरणाच्या फुगवट्यात जाणारे पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतात आणि नकाशाला ते ठाऊक असेलच असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक कार रात्री नकाशाच्या भरवशावर अशाच बुडालेल्या पुलावर गेली आणि चालक बुडाला. रात्री अनोळखी पाण्याजवळचा रस्ता आला तर गाडी थांबवा, गावात विचारा, गाव नसेल तर मागे फिरा.

शेवटचं काम कागदाचं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात वळणं लिहायची: "चांदणी चौक – भूगाव – पिरंगुट – पौड – मुळशी – ताम्हिणी – निजामपूर – माणगाव". पारदर्शक टेपने टाकीवर चिकटवायचा. मित्र हसतात. फोन बंद पडला की तेच वाकून वाचतात.

निघण्यापूर्वी फोनमध्ये

बॅटरी सेव्हर बंद, कारण तो नकाशाला मागे ढकलून झोपवतो. लोकेशनची परवानगी "अचूक" वर. डू नॉट डिस्टर्ब चालू. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करा, आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस, म्हणजे पावसाच्या थेंबाने नकाशा बंद होऊन भलतंच काही उघडत नाही. हातमोजे घालणार असाल तर टच सेन्सिटिव्हिटी वाढवा. रात्रीसाठी गडद रंग, नाहीतर नकाशाचा पांढरा उजेड व्हायझरवर चमकून समोरचं काही दिसत नाही.

रस्त्यावर: कानांनी चालवा

ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद पडद्याकडे बघितलं तर ३३ मीटर रस्ता न बघता गेला. पौडच्या पुढे तेवढ्यात एक म्हैस, एक ट्रॅक्टर आणि एक खड्डा सहज मावतात. म्हणून पडदा फक्त खात्रीपुरता, सूचना कानात.

हेल्मेटमध्ये कानांच्या जागी बसणारे ब्लूटूथ स्पीकर घ्या. कानात घट्ट रुतणारे इअरफोन नकोत, मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा. एक खोड लक्षात असू द्या: बराच वेळ शांत राहिलेलं ब्लूटूथ जागं होईपर्यंत सूचनेचा पहिला शब्द गिळला जातो. "डावीकडे वळा" मधलं "डावीकडे" गेलं की उरलेल्याचं काय करायचं? मंद आवाजात गाणी चालू ठेवली की हे होत नाही. आवाजाची भाषा मराठी करून बघा. इंग्रजी आवाज म्हसळ्याचं जे करतो ते ऐकवत नाही.

चांदणी चौकात २०२३ मध्ये नवा पूल झाल्यापासून एकावर एक रस्ते आहेत. फोनला तुमची जागा उघड्यावर चार-पाच मीटरच्या फरकाने कळते, पण तुम्ही पुलावर आहात की खाली, हे कळत नाही. उड्डाणपूल आणि सर्व्हिस रोड शेजारी आले की सूचना उलटसुलट येतात. अशा ठिकाणी पाटीवर विश्वास ठेवा. वळण चुकलं तर चुकू द्या, पुढे सुरक्षित जागी वळा. पुलाच्या तोंडाशी शेवटच्या क्षणी गाडी आडवी घालणाऱ्यांत आपण नको.

प्रवासात मध्येच "अधिक वेगवान मार्ग सापडला" असं आलं तर तो आपोआप लागू देऊ नका. कोकणात हा वेगवान मार्ग पुष्कळदा कुणाच्या तरी आमराईतून जातो. नवा रस्ता लावायचा, थांबा घालायचा, पडदा मोठा करायचा, सगळं गाडी बाजूला उभी करून, न्यूट्रलमध्ये. कायदाही साधारण हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून फोन केवळ मार्ग शोधण्यासाठी, चालकाचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीने वापरायला मुभा आहे. हातात धरून वापरलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागू शकतं: पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

ऊन आणि पाऊस

ॲपल आपल्या फोनसाठी बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत ठीक मानतं. मे महिन्यात महाडला दुपारी ते कधीच मागे पडलेलं असतं. तापलेला फोन आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग इशारा दाखवून गप्प बसतो. मागचं कव्हर काढा, दुपारी चार्जिंग बंद ठेवा, थांबल्यावर फोन सावलीत घ्या. गार व्हावा म्हणून बर्फाच्या कोल्ड्रिंकला टेकवू नका, आत दव धरतं. पोलराइज्ड गॉगल घालत असाल आणि पडदा काळा दिसत असेल तर फोन बिघडलेला नाही. तो आडवा करून बघा.

पावसात पडद्यावरचा थेंब म्हणजे फोनच्या मते बोटच. नकाशा आपोआप सरकतो, लहान-मोठा होतो. आयपी६८ चा, म्हणजे पाणी आत न जाण्याची चाचणी झालेला फोन असला तरी ती चाचणी स्थिर, स्वच्छ पाण्यातली असते. ऐंशीच्या वेगात समोरून येणारी सर त्यात धरलेली नाही, आणि जुन्या फोनचं सील कधीच थकलेलं असतं. पारदर्शक पाउच रिमझिमीत चालतो, जोराच्या पावसात आतून धुकं धरतो. मी सरळ फोन काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खिशात, आणि पुढचा रस्ता नुसता ऐकत जातो. पोर्टमध्ये ओलावा असल्याचा इशारा आला तर चार्जर लावू नका. फोन पोर्टची बाजू खाली करून हलकेच झटका आणि वाळू द्या.

जयगडला उतरून मालगुंडमार्गे गणपतीपुळ्याला पोचलात की त्याच संध्याकाळी होल्डरचे स्क्रू एकदा हाताने चाचपून घ्या. परत घरी आल्यावर होल्डर काढून क्लॅम्पखालचा ट्यूबचा तुकडा बदला. त्यात वाळू आणि खारं पाणी अडकतं आणि पुढच्या पावसाळ्यात हॅन्डलवर तिथेच गंज धरतो.